'क्रिस, इंडोनेशिया' म्हणजे नक्की कुठली?

गेल्या वर्षी ऑनसाइट असताना एका रविवारी म्युझियम बघायला गेलो होतो. काचेच्या पेटीत नागमोडी पात्याचं एक देखणं शस्त्र, आणि खाली पाटी: 'क्रिस, इंडोनेशिया'. बस्स! 'जेवण, भारत' असं लिहिल्यासारखंच झालं की हे.

मग त्याबद्दल वाचायचा नाद लागला. जावाची क्रिस म्हणजे भोसकायचा बारीक खंजीर. मुठीत जाणारी तिची शेपटी गोल असते. दक्षिण फिलिपाइन्समधल्या मिंदनाव आणि सुळू बेटांवरची क्रिस मात्र चक्क रुंद, जड तलवार. वार करताना मूठ फिरू नये म्हणून तिची शेपटी गोल ठेवत नाहीत, आणि पातं मुठीला धातूच्या पट्टीने आवळतात. थोडक्यात, नक्षीवर भाळण्याआधी मुठीच्या आत डोकवावं!

इथपर्यंत सोपं आहे. पण पातं पिढ्यानपिढ्या टिकतं. लाकडी मूठ आणि म्यान बदलली जातात. भेट, व्यापार, लूट अशा वाटांनी शस्त्रं बेटंच्या बेटं ओलांडतात. माणसंही ओलांडतात. सुलावेसीचे बुगिस लोक अठराव्या शतकात थेट मलाय द्वीपकल्पात सेलांगोरचे सुलतान झाले. आता तिथे घडलेल्या बुगिस वळणाच्या क्रिसला कुठली म्हणणार?

आमच्या धंद्यात बग सापडतो एकीकडे आणि जन्मलेला असतो भलतीकडेच. तसंच हे. म्हणून माझं मत असं की पाटीवर चार ओळी हव्यात: पातं कुठलं, मूठ कुठली, म्यान कुठलं आणि वस्तू मिळाली कुठे.

हा नुसता कीस पाडणं नाही. १८२५ ते १८३० डचांशी लढलेल्या प्रिन्स दिपोनगोरोची क्रिस नेदरलँड्सने २०२० मध्ये इंडोनेशियाला परत केली. त्याआधी ती संग्रहातल्या इतर क्रिसमधून ओळखायला जुनी पत्रं आणि चित्रकार रादेन सालेहने केलेलं वर्णन कामी आलं. तरीही 'हीच का ती?' असा वाद इंडोनेशियात झालाच. नाव एका घडणीचं आणि पातं दुसऱ्या, असा काहींचा आक्षेप होता.

लुटलेली वस्तू परत करायची तर आधी ती कुणाची हे कळायला हवं ना? आळशी पाटी लिहिणाऱ्याला वाटतं फक्त माहिती राहिली. खरं तर कुणाचा तरी हक्क राहिलेला असतो.

असो. पुढच्या वेळी म्युझियममध्ये गेलात तर पाटी जरा नीट वाचा!