परातीतले विवर

उधन्याहून सुटणारी ताप्ती खोऱ्याची गाडी नंदुरबार, अमळनेर करत खानदेशात शिरते. सुट्टीत गावी निघालेल्या उधन्यातल्या मराठी मुलांना वाटेत जो काळा पाषाण दिसतो, तोच बेसॉल्ट फोडून बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर तयार झाले आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. एवढा मोठा धडा घराजवळ असताना आघात-विवराचा प्रयोग परदेशी चित्रांवरून शिकवला जावा, हे मराठी माध्यमाच्या विज्ञानशिक्षकांना शोभत नाही.

साहित्य घरातलेच लागते: परात, बारीक वाळू, वर चाळणीने पसरलेला रांगोळीचा पातळ थर आणि एक गोटी. रांगोळीची धूळ नाकात जाऊ नये म्हणून रुमाल बांधावा. गोटी पडताच पांढऱ्या थराखालची वाळू उसळते, काठ उंचावतो आणि बाहेर फेकलेल्या वाळूचे पट्टे फुटतात. मुले टाळ्या वाजवतात. बहुतेक वर्गांत प्रयोग इथेच संपतो, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

खरा प्रयोग फूटपट्टी हातात आली की सुरू होतो. गोटी एकच ठेवून ती आधी १० सेंटिमीटरवरून, मग २०, ४०, ८० आणि १६० वरून सोडावी. दर वेळी वाळू सपाट करावी आणि प्रत्येक उंचीला निदान तीन मापे घ्यावीत. उंची दुप्पट झाली की खड्डाही दुप्पट होईल, असा मुलांचा अंदाज असतो. तो चुकतो. वाळूत व्यास साधारणपणे ऊर्जेच्या चौथ्या मुळाप्रमाणे वाढतो, म्हणून दुप्पट रुंद खड्ड्यासाठी जवळजवळ सोळापट उंची लागते. अंदाज चुकल्याचे मुलांना स्वतःच्या तक्त्यावरून कळले पाहिजे, शिक्षकांनी ते आधी सांगून टाकू नये.

प्रतिकृतीची मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने सांगावी. एक मीटरवरून सुटलेली गोटी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर वेगाने आदळते. अशनीचा वेग सेकंदाला १५ किलोमीटर धरला, तरी दर किलोमागे ऊर्जा कोटीपटीहून जास्त होते. त्यामुळे गोटी खड्ड्यात शाबूत सापडते, तर मोठा अशनी बहुतांशी वितळून वाफ होतो. तिरकी फेकलेली गोटी लांबट खड्डा करते. चंद्रावरची विवरे मात्र गोल का, या प्रश्नाने १८९० च्या दशकात चिखलाचे गोळे टाकून पाहणारा अमेरिकी भूवैज्ञानिक गिल्बर्टही अडला होता. अतिवेगवान आघात स्फोटासारखा पसरतो. अगदी उथळ कोन सोडला, तर विवर गोलच उरते.

लोणार ज्वालामुखीचे, हा समजही बराच काळ टिकला. १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी तिथल्या खडकांत मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताच्या दाबाने काचेसारखे झालेले फेल्डस्पार, दाखवले आणि वादाचा निकाल लागला. विवराच्या वयाबद्दल मात्र एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येतात, तर दुसरीने ५ लाख ७० हजार. हा मतभेद मुलांसमोर तसाच ठेवावा.

उधन्याच्या शिक्षकांजवळ आणखी एक उदाहरण आहे. कच्छमधल्या लुना इथे बन्नीच्या गवताळ प्रदेशात असलेले विवर अशनी-आघाताचेच असल्याचे पुरावे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दिसायला ते लोणारइतके ठळक नाही, म्हणूनच पुराव्यांचा धडा तिथे अधिक चांगला मिळतो.

वाचक शिक्षकांना विनंती: वर्गातल्या मुलांनी घरी घेतलेली मापे, उंची, व्यास आणि गोटीचे वजन लिहून, मासिकाकडे पाठवावीत. न जुळलेली मापेही वगळू नयेत.