शिंदळ माकुडी घरी लावण्यापूर्वी

शिंदळ माकुडी ही दुर्मिळ वनस्पती घरी लावावी काय, अशी विचारणा आमच्याकडे काही कुटुंबांनी केली आहे. (नावातील पहिला शब्द वेदीवरून उच्चारण्याजोगा नाही, संकोच वाटेल त्यांनी शिवसुमन म्हणावे.) आमचे मत असे की, लावावी; मात्र रोप कोठून आले याची चौकशी करूनच.

रुईच्या कुळातील ही मांसल खोडाची वनस्पती फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर, खडकाच्या कपारीत उगवते. वनाधिकारी डाल्झेल यांनी १८६५ साली तिची शास्त्रीय नोंद केली व मुंबईचे गव्हर्नर फ्रियर यांचे नाव तिला दिले. जुन्नर व पुरंदरकडील कडे हे तिचे घर. पुरंदरच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारे सांतापाव हे येशूसंघीय फादर होते, हे आपल्या तरुणांना माहीत असावे.

सहलीला जाऊन कड्यावरची फांदी पिशवीत घालून आणणारे म्हणतात, "आम्ही तिला वाचवले." आम्हांस हे पटत नाही. एका फांदीपासून शंभर कुंड्या भरल्या तरी ते एकच झाड शंभर ठिकाणी ठेवल्यासारखे होते. कड्यावर निरनिराळी झाडे असतात, त्यांच्या लाल तारकाकृती फुलांवर माश्या बसतात, शिंगासारख्या शेंगा धरतात आणि बी वाऱ्याने दुसऱ्या कपारीत जाते. आपल्या गच्चीवर यातले काय होणार? म्हणून घरी वाढवलेल्या रोपाचीच फांदी घ्यावी. रोप खरे की खोटे, ही शंका धारवाडला कर्नाटक विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील जाणकारांना विचारता येईल.

चार बोटे लांबीची फांदी चार-पाच दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मग लावावी. हुबळीकडची काळी माती पिकाला उत्तम, पण या रोपाला घातक, कारण ती पाणी धरून ठेवते. तांबडी माती, जाड वाळू आणि विटांचे तुकडे सारख्या प्रमाणात घेऊन भोक असलेली मातीची उथळ कुंडी भरावी. सकाळचे ऊन मिळावे. धारवाडची पावसाळी झड मात्र लागू नये, वळचणीखाली ठेवावे. पाने पावसाळ्यात येतात व कोरड्या दिवसांत गळतात. इथेच घोटाळा होतो. झाड मेले असे समजून माणसे तांब्यावर तांब्या पाणी ओततात आणि मग ते खरोखरच कुजते. पाने नसताना पंधरवड्यातून एकदा थोडेसे पाणी पुरे. बुंधा मऊ पडला तर वरचा निरोगी भाग कापून पुन्हा लावावा. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा.

आणखी एक. हिच्या जातभाईचे, म्हणजे माकडशिंगाचे, सत्त्व वजन उतरवण्यासाठी गोळ्यांतून विकले जाते. तेवढ्यावरून कोणी शिंदळ माकुडी चघळू नये. वजनाचा प्रश्न असेल तर डॉक्टरांकडे जावे.