दाढीच्या यंत्राचे दोन काळ

जुन्या पोथीचा काळ ठरवताना अभ्यासक पुष्पिकेतल्या शकावर आंधळा विश्वास ठेवत नाही. तो शक मूळ रचनेचा, आधीच्या नकलेचा की समोरच्या नकलेचा, हे तो प्रथम तपासतो. कागद, शाई, अक्षरवळण यांची साक्ष काढतो. प्रक्षिप्त भाग निवडून वेगळा करतो. दाढीची जुनी यंत्रे, म्हणजे सेफ्टी रेझर, जमवणाऱ्या संग्राहकालाही नेमके हेच करावे लागते. साहित्याच्या अभ्यासकांनी या छंदाकडे तुच्छतेने पाहू नये, असे आम्हांला वाटते. आणि संग्राहकांनीही आपला छंद नाव, साल आणि किंमत यांपाशी थांबवू नये, असेही वाटते. अशा प्रत्येक वस्तूला दोन काळ असतात. एक ती घडली तेव्हाचा, दुसरा ती एखाद्या घरात वापरली गेली तेव्हाचा. पहिला बहुधा धातूवरून काढता येतो. दुसरा माणसांच्या आठवणीत असतो, आणि म्हणून तोच आधी नाहीसा होतो.

पहिल्या काळाविषयी आधी बोलू. किंग कॅम्प जिलेट यांच्या यंत्राला अमेरिकेत पेटंट मिळाले ते १५ नोव्हेंबर १९०४ रोजी. विक्री त्यापूर्वीच, १९०३ मध्ये, सुरू झाली होती; त्या वर्षी अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. पेटंटची ही तारीख पुढे बरीच वर्षे यंत्रांवर कोरली जात राहिली. ती वाचून '१९०४ सालचे यंत्र' म्हणून वस्तू विकणारा आणि घेणारा, दोघेही पहिल्या आवृत्तीचे साल हातातल्या पाचव्या आवृत्तीला लावत असतात. कोरलेली पेटंट-तारीख एवढेच सांगते, की वस्तू त्याआधीची नाही. नंतरची किती, ते इतर खुणांवरून ठरवावे लागते.

अशा खुणा पुष्कळ आहेत. जिलेटच्या जुन्या पात्याला तीन गोल भोके असत. १९३० मध्ये मध्यभागी लांब खाच असलेले पाते आले आणि त्याबरोबर यंत्राच्या डोक्याची घडणही बदलली. जुन्या यंत्रात खाचेचे पाते बसते, परंतु १९३० नंतरच्या नव्या घडणीत तीन भोकांचे पाते बसत नाही. म्हणून आजचे पाते बसते एवढ्यावरून यंत्र अलीकडचे ठरवता येत नाही. अमेरिकेत घडलेल्या जिलेट यंत्रांवर १९५१ पासून एक रोमन अक्षर आणि एक अंक आढळतो. अक्षर वर्षाचे, अंक तिमाहीचा. 'डब्ल्यू' म्हणजे १९५१, 'झेड' म्हणजे १९५४, आणि १९५५ पासून पुन्हा 'ए'. 'ए २' अशी खूण दिसली तर १९५५ ची दुसरी तिमाही. 'रोल्स रेझर' हे लंडनचे यंत्र निराळ्याच कुळातले. त्याचे पाते टाकून द्यायचे नसे. डबीच्याच एका झाकणात धारेचा दगड आणि दुसऱ्यात चामडे बसवलेले असे. ती कंपनी १९६४ मध्ये बुडाली, म्हणजे इथे काळाची वरची मर्यादा मिळते. मूठ बेकेलाइटची असेल तर खालची मर्यादा मिळते, कारण त्या पदार्थाचे पेटंटच १९०९ चे.

मोठी फसगत होते ती जोडकामामुळे. साधे यंत्र तीन तुकड्यांचे: वरची टोपी, मधली जाळी, खालची मूठ. आटे जुळले की एकाची टोपी दुसऱ्याच्या मुठीवर बसते. साठ-सत्तर वर्षांच्या वापरात एखादा तुकडा हरवणे आणि त्या जागी दुसरा येणे स्वाभाविकच आहे. डबी तर सर्रास दुसऱ्याच यंत्राची असते. तेव्हा प्रत्येक तुकड्याचा काळ वेगळा काढावा आणि जोड हा जोड म्हणूनच नोंदवावा. प्रक्षेप ओळखणे वेगळे आणि तो खरवडून टाकणे वेगळे, हे पाठचिकित्सेचे विद्यार्थी जाणतात. घरातल्या कुणीतरी बदललेली मूठ हाही त्या यंत्राच्या चरित्रातला एक प्रसंगच असतो.

दुसऱ्या काळाचा प्रश्न येतो तेव्हा परदेशी कोष्टके कामाला येत नाहीत. समजा, महाड किंवा पोलादपूर तालुक्यातल्या एका घरात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असे एक यंत्र निघाले. त्यावर 'मेड इन इंग्लंड' एवढेच कोरले आहे. अशा वेळी सोबतचा कागद वाचावा. पात्याच्या वेष्टनावर किंमत आण्यांत छापली असेल, तर ते १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचे किंवा फार तर त्या सुमाराचे; 'नये पैसे' असतील, तर १९५७ ते १९६४ या अवधीतले. दुकानदाराच्या शिक्क्यात 'जिल्हा कुलाबा' असेल, तर शिक्का बहुधा १९८१ पूर्वीचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पत्त्यात पिनकोड असेल, तर तो १९७२ नंतरचा. अर्थात जुना शिक्का नामांतरानंतरही काही काळ चालतो. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये, दोन-तीन खुणा जुळवाव्यात.

आणि मग विचारावे, हे आणले कोणी? या मुलखातला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी मुंबईला गेला, पलटणीत गेला. महाड तालुक्यातल्या एका गावाचे नावच फौजी आंबवडे आहे. सेफ्टी रेझरचा प्रसारही मोठ्या प्रमाणावर सैन्यामुळेच झाला. पहिल्या महायुद्धात एकट्या अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख यंत्रे घेतली. म्हणजे मुंबईच्या दुकानातून, गिरणगावातल्या खोलीतून किंवा छावणीतल्या ट्रंकेतून ही वस्तू इथवर येऊ शकते. यांपैकी नेमकी वाट कोणती, ते धातू सांगत नाही, घर सांगते.

वस्तूचा अर्थही घरागणिक बदलतो. गावगाड्यात हजामत हे बलुतेदाराचे काम होते. न्हावी धोकटी घेऊन दारी येई, सुगीला बलुते नेई. हे दार सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानलेल्यांची हजामत करायला न्हावी नकार देत, आणि तसे करणे गावाला रीतच वाटे. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले, त्यांना पाणवठ्याप्रमाणेच ही नाकारलेली सेवाही ठाऊक होती. ज्या घरी न्हावी येत असे त्या घरातले यंत्र ही हौस किंवा सोय असेल. ज्या घरी तो येतच नसे, तिथे त्याच बनावटीचे, त्याच सालचे यंत्र म्हणजे कुणाच्या होकाराची वाट न पाहता आरशासमोर बसण्याची मोकळीक. आणि न्हाव्याच्या घराच्या बाजूने पाहिले, तर तीच वस्तू म्हणजे हातचे गिऱ्हाईक जाणे. संग्राहकाच्या कोष्टकात या तिन्ही वस्तूंची नोंद एकच होते. ही नोंद चुकीची नाही, अपुरी आहे. आणि आमचा आक्षेप या अपुरेपणावर समाधान मानण्याला आहे.

बाजाराची रीत याच्या उलट आहे. भंगारवाला वजनावर घेतो, व्यापारी घासूनपुसून चकाकी आणतो, हौशी माणूस नव्याने मुलामा चढवतो. घासण्याने कोरलेली अक्षरे झिजतात. नव्या मुलाम्याखाली जुन्या निकेलची वा चांदीची साक्ष दडते. आणि यंत्र ज्या घरातून आले त्याचे नाव पहिल्या व्यवहारातच गळून पडते. पोथीवर नवी शाई फिरवणाऱ्याला आपण अभ्यासक म्हणणार नाही. इथे मात्र त्याला जाणकार म्हणतात.

महाड-पोलादपूरच्या बाबतीत ही चर्चा सवडीने करण्याची नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही माणसे गाडली गेली, आणि महाड शहर सावित्री-गांधारीच्या पुराखाली गेले. जिथे माणसे गेली तिथे पेट्यांचे आणि यंत्रांचे दुःख कोणी करू नये. परंतु पुरानंतर चिखलाबरोबर घरातले जुने लोखंड, पत्रा, कागद बाहेर फेकावे लागतात, आणि त्यांच्याविषयी सांगू शकणारी वडीलधारी माणसेही दर पावसाळ्यागणिक कमी होत जातात.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. महाडच्या परिसरातल्या महाविद्यालयांत संशोधनपद्धती शिकवताना विद्यार्थ्याला घरातली अशी एक वस्तू निवडू द्यावी. ती घासायची नाही, विकत घ्यायची नाही, घरातून हलवायचीही नाही. तुकडे सुटे करून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, कोरलेले प्रत्येक अक्षर उतरवावे, वेष्टने आणि शिक्के वाचावेत, आणि घडणीचा काळ 'याआधीचा नाही, यानंतरचा नाही' अशा भाषेत लिहावा. मग घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला, विशेषतः स्त्रियांना, विचारावे: हे कोणी, कुठून आणले, त्याआधी दाढी कोण करीत असे, ते वापरणे केव्हा व का थांबले. उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावे. त्यांची अनुमती असेल तेवढेच बाहेर न्यावे, आणि कागदाची एक प्रत यंत्राबरोबर त्याच घरात ठेवावी.