खड्डे मोजू नका, जगलेली रोपे मोजा!

पावसाळा आला की वृक्षारोपणाचे सोहळे सुरू होतात. मान्यवरांच्या हस्ते रोप मातीत जाते आणि छायाचित्र वृत्तपत्रात येते. राज्याने २०१६ मध्ये १ जुलै या एका दिवसासाठी २ कोटी, तर पुढील तीन वर्षांसाठी अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले. त्यांतील जगली किती? हा प्रश्न इतका वाढला की २०२१ मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली.

देवळा तालुक्याला हा प्रश्न टाळता येणारा नाही. हा पर्जन्यछायेतील प्रदेश. सातमाळा रांगेच्या उतारांवर मातीचा थर पातळ, खाली काळा पाषाण. सदाहरित वनातील रोप प्रकाशासाठी झगडते. येथील रोप पाण्यासाठी झगडते. जुलैत लावलेले रोप दिवाळीपर्यंत हिरवे दिसणारच. त्याची खरी परीक्षा फाल्गुन-चैत्रात असते आणि तेव्हा तेथे ना मान्यवर असतात, ना छायाचित्रकार. तोवर मूळ ओलाव्यापर्यंत पोहोचले तरच रोप तगते. म्हणूनच खैर, बाभूळ, पळस आधी मूळ खोल धाडतात आणि मग शेंडा वाढवतात. याउलट, पिशवीत फार काळ राहिलेल्या रोपाचे मूळ वेटोळे घालून बसते. ते तसेच उथळ खड्ड्यात पुरल्यावर दोष दुष्काळाला कसा द्यायचा?

दुष्काळातून वाचलेले रोप शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडी जाते, त्यांतूनही वाचलेले वणव्यात. मेंढपाळाला खलनायक ठरविणे सोपे आहे. पण चराईची पर्यायी जागा न ठरविता लावलेले रोप म्हणजे सरकारी खर्चाचा चाराच नव्हे काय?

उपाय अज्ञात नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यातील बारीपाडा गावात चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वतः पाळली आणि सुमारे ४०० हेक्टर वन राखले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तेथे पाऊस देवळ्यापेक्षा अधिक, हे खरे. परंतु राखणीला पावसाची अट नसते.

तेव्हा लागवडीचा हिशेब जुलैत नव्हे, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मांडला जावा. निधीत राखणदाराच्या मजुरीचा वाटा आधी ठरावा, रोपे स्थानिक जातींची असावीत आणि जिवंत रोपांची संख्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. आपल्या देवराया शतकानुशतके टिकल्या, त्या लागवडीच्या समारंभांनी नव्हे, तर फांदीही न तोडण्याच्या नियमाने. हा नियम विसरून कोटींचे आकडे मिरविणे ही वृक्षपूजा नव्हे.