चहाच्या वेळचें राजकारण

आमची पुतणी बीड येथील एका कचेरींत लेखनिक आहे. गेल्या महिन्यांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर ती मजजवळ येऊन बसली व म्हणाली, "काका, कामाचा मला कंटाळा नाहीं, पण चहाच्या वेळेची धास्ती वाटते. चहा आला कीं राजकारण निघतें. गप्प बसलें तर 'तुम्ही कोणत्या बाजूच्या तें कळलें' असें म्हणतात, आणि बोललें तर दुसऱ्या दिवशीं मागितलेली फाईल मिळत नाहीं. मीं करावें तरी काय?"

हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हे. ज्या घरांतून दोनचार माणसें नोकरीस जातात, त्या प्रत्येक घरीं तो कोणत्या ना कोणत्या रूपानें येत असावा. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

आमच्या जिल्ह्यांत हा विषय विशेष नाजुक झाला आहे. आरक्षणाच्या प्रश्नावरून मनें दुभंगलेलीं होतीं. ३० ऑक्टोबर २०२३ रोजीं बीड व माजलगांव येथें जाळपोळ झाली. पुढें १३ मे २०२४ रोजीं लोकसभेचें मतदान झालें, आणि बजरंग सोनवणे यांनीं पंकजा मुंडे यांचा पराभव केला तो अवघ्या ६,५५३ मतांनीं. निकालानंतर कांहीं गांवांतून अमक्या समाजाच्या दुकानीं जाऊं नये असें बोललें गेल्याच्या बातम्या आल्या. अशा स्थितींत पक्षाचें नांव घेतलें कीं जातीचें नांव न घेतांच घेतलें जातें. आडनांव कळलें कीं मत कळलें, असें लोक धरून चालतात. २०२५ सालीं जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनीं पोलिसांच्या नांवाच्या पट्ट्यांवरून आडनांव काढून केवळ नांव ठेवण्याचा उपक्रम केला, तो याच दुखण्यावर उपाय म्हणून. पट्टीवरील आडनांव वरिष्ठांच्या हुकमानें निघतें; मनांतील मात्र ज्याचें त्यानेंच काढावें लागतें.

दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं स्वतःची चूक सांगणें बरें. पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. एका निवडणुकीचा निकाल लागला आणि आमच्या शाळेंतील शिक्षकांच्या खोलींत पेढे आले. हरलेल्या पक्षाविषयीं मीं एक कोटी केली. सर्वजण हंसले. पाण्याचा तांब्या घेऊन आलेला शिपाई मात्र तांब्या ठेवून मुकाट्यानें बाहेर गेला. त्याचा भाऊ त्याच पक्षासाठीं गांवोगांव हिंडला होता, हें मला मागाहून कळलें. त्या वर्षीं शिष्यवृत्तीच्या अर्जांचें काम माझ्याकडे होतें. त्याची मुलगी हुशार. पण अर्जासाठीं माझ्याकडे येणें त्याला जड गेलें. आज जाऊं, उद्यां जाऊं असें करतां करतां मुदत टळली. "आधीं कां नाहीं आलास?" असें मीं विचारलें, तेव्हां तो खालीं पाहून म्हणाला, "गुरुजी, त्या दिवशी तुम्ही आमच्यावर हसला. मग तुमच्याकडं हात पसरायचा कसा?"

कोटी माझी, आणि दंड त्या मुलीला! तिचें एका वर्षाचें साहाय्य बुडालें. मीं त्याला वाईट वागविलें नव्हतें, त्याचें कोणतेंही काम अडविलें नव्हतें. त्याला माझ्यापाशीं येतां येऊं नये, एवढेंच मीं केलें होतें. आणि तेवढें पुरेसें झालें.

आमच्या न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावें म्हणून केलेला तो वाद, केवळ जिंकण्यासाठीं केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचें खोडण्यापुरती ती वितंडा. वाद गुरु, शिष्य व सहाध्यायी यांच्यांत शोभतो. कारण तेथें हरण्याचें भय नसतें. कचेरींत मात्र एकाच्या हातीं दुसऱ्याची रजा असते, बदलीची शिफारस असते, वार्षिक शेरा असतो. ज्याला मोकळेपणीं उत्तर देतां येत नाहीं त्याच्यापुढें केलेली चर्चा ही वाद नव्हेच. तेव्हां कचेरींत राजकारण बोलावें कीं नाहीं, याची कसोटी सोपी आहे: त्या खोलींतील सर्वांत दुर्बळ माणूस हें बोलणें ऐकून उद्यां निःशंकपणें आपल्याकडे काम घेऊन येऊं शकेल काय?

कोणी म्हणेल, थोर माणसेंही एका संस्थेंत राहून भांडलींच ना? भांडलीं खरीं. टिळक व आगरकर हे विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही. १८८४ सालीं स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटींत दोघेही होते. सामाजिक सुधारणेवरून मतें फुटलीं तेव्हां आगरकरांनीं 'केसरी' सोडून १८८८ सालीं 'सुधारक' काढला. हा मतभेद वृत्तपत्रांच्या मैदानावर राहता तर संस्थेस बाधा नव्हती. परंतु तेढ कारभारांतही शिरली. १८९० सालीं गोखल्यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद घेतलें, तेव्हां आजीव सभासदानें आपली सर्व शक्ति संस्थेसच द्यावी, असा टिळकांचा आग्रह पडला. आणि त्याच वर्षीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. १८९५ च्या जूनमध्यें आगरकर वयाच्या ३९ व्या वर्षीं वारले. त्यांचा मृत्युलेख 'केसरी'त टिळकांनींच लिहिला. स्नेह मुळांत मेला नव्हता, हें त्यावरून दिसतें. पण अबोल्याचीं वर्षें मृत्युलेखानें परत येत नाहींत. एवढ्या मोठ्या माणसांस जें साधलें नाहीं, तें आपणांस सहज साधेल असें समजून चालूं नये.

आतां व्यवहाराचें सांगतों. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांप्रमाणें सरकारी नोकरास मत देण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र आपण मत कोणास देणार किंवा दिलें, हें त्यानें सूचित करावयाचें नाहीं. पुष्कळांस हें बंधन वाटतें. मला तें कवच वाटतें. कोणी खोदून विचारलेंच तर हंसून म्हणावें, "माझें मत यंत्रांत बंद आहे; तुमचा चहा निवतो आहे." विचारणारा वरिष्ठ असेल तर चारचौघांत उत्तर न देतां मागाहून एकटें गांठून सांगावें, "साहेब, कामाचें कांहींही सांगा, या विषयांत मात्र मला घेऊं नका." पुष्कळ माणसें एवढ्यानें समजतात. शिपायासमोर, नवशिक्यासमोर आणि कामासाठीं खिडकीशीं उभ्या असलेल्या माणसासमोर तर हा विषय काढूंच नये. कचेरीचा व्हॉट्सॲप गट कचेरीच्या सूचनांपुरता ठेवावा. तेथें पुढें ढकललेला मजकूर दुसऱ्याचा असला तरी लोक तो आपलाच समजतात. आणि ज्याच्याशीं खटका उडाला असेल त्याचें काम दुसऱ्या दिवशीं सर्वांआधीं हातावेगळें करावें. याहून चांगली क्षमायाचना मला ठाऊक नाहीं.

तथापि मौन हा सर्वकाळचा धर्म नव्हे. वेतन, निवृत्तिवेतन, सेवेच्या अटी यांविषयीं बोलणें हा नोकरांचा हक्कच आहे. मार्च २०२३ मध्यें जुन्या निवृत्तिवेतनासाठीं राज्यांतील कर्मचाऱ्यांनीं संप केला, त्याची चर्चा कचेरींत न होती तरच नवल. तसेंच, कोणी जातीवरून कोणास हिणवीत असेल तर तेथें गप्प बसणें म्हणजे त्यांत सामील होणें. "हें बोलणें येथें नको" एवढे चार शब्द स्पष्टपणें उच्चारावे. वाद घालूं नये, व्याख्यानही देऊं नये.

शेवटीं घरांतील वडीलधाऱ्यांसाठीं एक शब्द. कचेरींत जें तोंडीं येतें त्याचा सराव पुष्कळदां आपल्याच पंगतींत झालेला असतो. जेवतांना आपण एखाद्या समाजाचें नांव घेऊन जें सहज बोलून जातों, तें मुलें ऐकतात, सुना ऐकतात, घरकामास आलेली बाईही ऐकते. जीभ घरीं सैल सोडून बाहेर आवरतां येत नाहीं.

हें सर्व मीं पुतणीस सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली व म्हणाली, "काका, त्या शिपायाच्या मुलीचें पुढें काय झालें?" दुसऱ्या वर्षीं अर्ज मीं स्वतः त्याच्या घरीं नेऊन भरून घेतला, एवढें मीं तिला सांगितलें. बुडालेलें वर्ष मात्र मला भरून देतां आलें नाहीं.