हयातीचा दाखला

गेल्या नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे बँकेत जाऊन मी जिवंत असल्याचे सिद्ध करून आलो. पेन्शनर मंडळींना हा वार्षिक सोहळा ठाऊक आहेच. साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, सही घेतली, आणि मी आणखी एक वर्ष जगायला मोकळा झालो. घरी येऊन, पेन्शन जमा झाली का बघावे म्हणून फोन उघडला, तर बँकेचे ॲप म्हणते, 'आपला फोन फार जुना आहे. यावर हे ॲप चालणार नाही.' म्हणजे मी हयात, पण माझा फोन कैलासवासी!

फोन किती जुना म्हणाल, तर सात वर्षांचा. आमच्या घरात सात वर्षांच्या वस्तूला 'नवी' म्हणतात. आईचे शिवणयंत्र अजून चालते. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ दिवसाला चार मिनिटे मागे पडते, पण 'तुम्ही आता दुसरे घड्याळ घ्या' असे त्याने कधी सुचवलेले नाही.

"बाबा, सात वर्षं म्हणजे फोनची सत्तरी!" चिरंजीव म्हणाले.

"मी पण सत्तरीचाच आहे," मी म्हणालो.

चिरंजीव गप्प. स्वयंपाकघरातून मात्र हसण्याचा आवाज आला.

आता मला सांगा, फोनचे बिघडले काय? काच शाबूत, आवाज खणखणीत. बॅटरी थकली होती, हे मान्य. या लिथियमच्या बॅटऱ्या साधारण पाचशे वेळा पूर्ण भरून रिकाम्या झाल्या की त्यांची ताकद चार-पंचमांशावर येते. पण टॉर्चचे सेल संपले म्हणून टॉर्च कोणी फेकतो का? झाकण फिरवायचे, सेल बदलायचे. फोनला झाकणच नाही. बॅटरी आत डिंकाने चिकटवलेली! कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला भला माणूस. म्हणाला, "काका, बॅटरी टाकून देतो. पण ॲपचं काय ते माझ्या हातात नाही."

खरी गोम इथे आहे. फोन झिजून मरत नाही. कंपनी त्याला नवे सॉफ्टवेअर पाठवणे बंद करते, तेव्हा तो मरतो. बँकेला मी दोष देत नाही. ज्या दाराची कडी निखळली, त्या घरात ती पैसे कशी ठेवील? पण कडी पाठवायची बंद केली कोणी?

"टेक्नॉलॉजी पुढे जाते, बाबा."

जाते ना! पण कधीकधी मागेही ओढतात. १९२४ साली जिनिव्हात बड्या बल्बवाल्यांनी एकत्र बसून ठरवले, की बल्ब हजार तासच चालायचा. ज्याचा जास्त चालेल त्याला दंड! इकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावच्या अग्निशामक केंद्रात १९०१ सालचा एक बल्ब अजून मिणमिणतो आहे. २०१७च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केले, की बॅटरी थकलेल्या आयफोनचा वेग आपणच कमी करत होतो. फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून, असे त्यांचे म्हणणे. गिऱ्हाइकाला हे सांगितले नाही म्हणून फ्रान्सने २०२० मध्ये त्यांना अडीच कोटी युरो दंड केला.

बरे, जास्त वर्षे सांभाळणे अशक्य आहे म्हणावे, तर तसेही नाही. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे सॉफ्टवेअर देण्याचे वचन दिले. म्हणजे दीर्घायुष्य आहे, पण श्रीमंताघरी! युरोपात तर २० जून २०२५ पासून कायदाच आहे : विक्री थांबल्यावर निदान पाच वर्षे सॉफ्टवेअर आणि सात वर्षे सुटे भाग. आपल्याकडे सरकारने २०२२च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले. छान केले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

माझे मागणे फार नाही. पावाच्या पुड्यावर तारीख असते, खोकल्याच्या बाटलीवर असते. मग पंधरा हजारांच्या फोनच्या खोक्यावर का नको? 'अमुक साली याचे सॉफ्टवेअर बंद होईल', ठळक अक्षरांत छापा. मग घ्यायचा की नाही, आमचे आम्ही बघू.

शेवटी नवा फोन घ्यावाच लागला. दुकानातल्या मुलाने जुन्याचे सातशे रुपये देऊ केले. आमच्या लहानपणी बोहारीण जुन्या लुगड्यावर पातेले द्यायची. अर्धा तास घासाघीस करायची, पण ते पातेले तीस वर्षे टिकायचे.

"हा किती वर्षं जगेल?" मी नव्याकडे बोट दाखवून विचारले.

"काका, असं कोणी विचारत नाही."

विचारा. सगळ्यांनी विचारा. दहा गिऱ्हाइके विचारती झाली, की अकराव्याला उत्तर मिळेल.

जुना फोन मी दिला नाही. हिने तो गजरासाठी स्वयंपाकघरात ठेवला आहे. कंपनीच्या लेखी मेलेला तो फोन आम्हा जिवंत माणसांना रोज पहाटे पाचला उठवतो.