आगीची रिंग विझवा, झेंडे रोवा

स्नेहसंमेलनांचा हंगाम जवळ आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या महिन्यात राहाता, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यातील घोडेस्वारी शिक्षकांची बरीच पत्रे आली. त्यांतली दोन शेजारी ठेवून वाचली आणि राग आवरला नाही.

पहिले पत्र एका निवासी शाळेच्या शिक्षकांचे आहे. यंदा आगीच्या रिंगमधून तीन घोडे एकामागून एक गेलेच पाहिजेत, असे संस्थेने त्यांना बजावले आहे. लोखंडी कडे, गोणपाट, डिझेल, सगळी तयारी संस्थेची. परवानगी कोणी विचारली नाही, दाखला कोणी मागितला नाही, आणि प्रमुख पाहुणे म्हणून शासकीय अधिकारीच यायचे आहेत. दुसऱ्या पत्राच्या लेखकाने चार शाळांच्या मुलांसाठी एका दिवसाचे माउंटेड गेम्स, म्हणजे तट्टांवर बसून खेळायच्या शर्यती, ठरवले होते. बेंडिंग, दोन झेंडे, मग, बॉल अँड कोन आणि शेवटी बॅटनची रिले. एकही उडी नाही. सगळी तट्टे, सगळ्या मुलांना हेल्मेट, मैदानावर पशुवैद्य. हा अर्ज क्रीडा खात्याच्या एका कार्यालयातून ‘खेळ यादीत नाही’ म्हणून परत आला. पशुसंवर्धनाच्या कार्यालयाने ‘विषय क्रीडेचा’ असा शेरा मारला. तिसऱ्या टेबलावर सांगण्यात आले की प्रेक्षक येणार असतील तर प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आणा. पालकांना प्रेक्षक धरायचे की नाही, हे मात्र कोणी सांगेना. ठरलेली तारीख निघून गेली आणि मुलांनी रोवायचे झेंडे खोलीत पडून राहिले.

तिसऱ्या टेबलावरचा माणूस खोटे बोलला नाही, हे आधी मान्य करू. प्राण्यांच्या खेळांसाठीचे 2001 चे नोंदणी नियम आपण सर्वांनी वाचले पाहिजेत. चित्रपटाबरोबरच, लोकांना प्रवेश असलेला घोड्यांचा कार्यक्रमही त्यांच्या व्याख्येत येतो. नोंदणी भारतीय प्राणी कल्याण मंडळाकडे करायची असते, आणि पूर्वी चेन्नईला असलेले हे कार्यालय आता हरियाणात बल्लभगडला आहे. कायदा आहे तर तो पाळायचा, यात वाद नाही. पण प्राणी जळत्या आगीजवळ नेला जाणार नाही याची जबाबदारी त्याच नियमांनी मालकावर टाकली आहे. मग ज्या कार्यक्रमात आग आहे तिथे अधिकारी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो, आणि ज्या खेळात चाबूकसुद्धा चालत नाही त्याचा कागद मात्र तीन टेबलांवर अडतो, हे कसे? नियम माहीत नाही असे अधिकाऱ्याला म्हणता येणार नाही, कारण अर्ज अडवताना तो त्याला बरोबर आठवला.

जिल्हा प्रशासनाकडे आमची मागणी छोटी आहे. तिकीट नाही, जाहिरात नाही, फक्त पालक आणि शिक्षक हजर, अशा शालेय अश्वक्रीडेला नेमके कोणते कागद लागतात, हे एका पानावर लिहून द्या. तो कागद घेणारा एकच अधिकारी नेमा. आणि संमेलनात आगीची रिंग दिसली तर पाहुण्याने खुर्ची सोडून ती तिथल्या तिथे थांबवावी, असे पत्र सर्व शाळांना काढा. यासाठी मंत्रालयात जावे लागत नाही.

आता आपल्याकडे वळू. दोष फक्त टेबलांचा नाही.

सहावीत घोड्यावर बसलेले पोर नववीत घोडा सोडते, अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. अभ्यास, क्लास, पालकांची भीती ही कारणे खरी आहेत. पण तीन वर्षांत आपण त्या मुलाला काय दिले? पुढच्या घोड्याच्या शेपटीमागे रांगेत कदम आणि दुडकी, पंधरा ऑगस्टला झेंडा धरून संचलन, संमेलनात एक धाडसाचा प्रकार. त्यात चढण्यासारखी पुढची पायरीच नाही. ज्यांच्याकडे थोडी ऐपत आहे त्या संस्था शो जंपिंगचे खांब आणून ठेवतात आणि त्यावर पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड घालतात. दहा वर्षांच्या मुलीला त्या घोड्यावर मोतद्दाराने उचलून बसवल्याशिवाय बसता येत नाही. जो स्वार स्वतः चढू शकत नाही तो उतरायला घाबरतो, आणि उतरायला घाबरणारा कायम लगामाला लोंबकळतो. घोड्याचे तोंड बिघडते, मुलाची बैठक बिघडते. मग दोघांनाही ‘अवघड’ म्हणून बाजूला काढले जाते.

माउंटेड गेम्सची सुरुवात इंग्लंडमध्ये नेमकी याच अडचणीवर झाली. प्रिन्स फिलिप कप 1957 मध्ये सुरू झाला तो उंची, जातिवंत, महागड्या पोनी परवडत नसलेल्या मुलांसाठी. गावातले साधे तट्टू आणि चार-पाच दोस्त एवढ्यावर खेळता यावे, हा त्याचा हेतू. खांबांतून नागमोडी जाणे, भाल्याने वस्तू उचलणे असे खेळ त्याआधी आपल्याच छावण्यांमधल्या घोडदळाच्या जिमखान्यांत रंगत असत. या कपाची वयाची मर्यादा ओलांडलेल्या मुलांना पुढे खेळायला जागा उरत नाही हे पाहून नॉर्मन पॅट्रिक यांनी 1984 मध्ये ब्रिटनची माउंटेड गेम्स असोसिएशन काढली. आज आंतरराष्ट्रीय माउंटेड गेम्स असोसिएशनच्या छत्राखाली वैयक्तिक, जोडीच्या आणि सांघिक स्पर्धा होतात. संघात पाच स्वार, त्यांतले चार प्रत्येक शर्यतीत उतरतात. चाबूक नाही, काटे नाहीत. वस्तू पडली तर स्वतः उतरून उचलायची, पुन्हा चढायचे आणि चूक दुरुस्त करूनच पुढे जायचे. मोतद्दाराला रिंगणात जागा नाही.

यात एक गोष्ट अशी आहे की ती आपल्या शिक्षकांनी भिंतीवर लिहून ठेवावी. वेगवेगळ्या देशांच्या पोनी क्लबांच्या मुलांच्या भेटी-स्पर्धांत पाहुणा संघ आपले घोडे नेतच नाही. यजमान देश पोनी पुरवतो आणि मुले त्या अनोळखी पोनीवर खेळतात.

याचे महत्त्व कळायला हांगझोऊची आशियाई क्रीडा स्पर्धा आठवावी लागेल. 26 सप्टेंबर 2023 रोजी सुदीप्ती हजेला, मुंबईचा हृदय छेडा, अनुष अगरवाला आणि दिव्यकृती सिंग यांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण आणले. अश्वक्रीडेतले सुवर्ण भारताला 1982 नंतर, म्हणजे 41 वर्षांनी मिळाले. पण हे स्वार वर्षानुवर्षे युरोपात राहून, तिथल्याच घोड्यांवर तयार झाले, कारण भारतातला घोडा रोगमुक्तीच्या अटींमुळे थेट परदेशी स्पर्धेला नेता येत नव्हता. मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअर केंद्रातील घोड्यांसाठीच्या रोगमुक्त विभागाला जागतिक पशुआरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ती जुलै 2025 मध्ये. मार्ग उघडला, हे चांगलेच झाले. तरी राहात्यातल्या शाळेचा घोडा मेरठमार्गे परदेशी जाईल अशी आशा धरून कोणी बसू नये. आणि तशी गरजही नाही. माउंटेड गेम्समध्ये पासपोर्ट लागतो तो मुलाचा. आपल्या मुलाने परक्या तट्टावर दहा मिनिटांत ताबा मिळवला पाहिजे, एवढी एकच गोष्ट आपल्याला घरी तयार करायची आहे.

ती कशी तयार होते, हे आपल्यातल्या जुन्या रिसालदार-दफेदारांना माहीत आहे, पण वेळापत्रकात ती येत नाही. पहिले वर्ष खोगिराशिवाय, कांबळ्यावर बैठक. रिकिबी काढून दुडकी. मग एका हाती लगाम, कारण दुसऱ्या हातात झेंडा येणार आहे. मग उतरणे आणि चढणे: उभ्या तट्टावर, चालत्या तट्टावर, दुडकी चाललेल्या तट्टावर, आणि शेवटी चारी पायांवर सुटलेल्या तट्टाच्या खांद्याला धरून दोन पावले पळत उडी. या एकाच गोष्टीवर शर्यती जिंकल्या-हरल्या जातात. आठवड्याच्या प्रत्येक तासातली पहिली दहा मिनिटे फक्त चढण्या-उतरण्याला द्या. दोन्ही बाजूंनी द्या. आपली मुले उजवीकडून चढायचा प्रयत्नच करत नाहीत. त्यानंतर बॅटन देणे-घेणे, आधी जमिनीवर पळत, मग तट्टावर. आणि दर पंधरा दिवसांनी तट्टांची अदलाबदल. ‘माझा घोडा’ हा हट्ट मुलांपेक्षा शिक्षकांनाच जास्त असतो, तो सोडा. शेजारच्या शाळेचे तट्टू आणा, आपले त्यांना द्या. पाच मुलांचा संघ जमत नसेल तर जोडीपासून सुरू करा, कारण जोडीच्या स्पर्धाही आंतरराष्ट्रीय पातळीवर होतात.

तट्टू कुठून आणायचे, हा प्रश्न विचारणाऱ्यांनी दिवाळीनंतर रस्त्यावर उभे राहावे. मेंढरांचे कळप घेऊन घाट उतरणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडाबरोबर जे बुटके, काटक, खुराने दणकट जनावर चालते, तेच आपल्याला हवे आहे. हीच भीमथडी; तिला जानेवारी 2024 मध्ये स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद मिळाली. पुणे, नगर, सातारा, सोलापूर हा तिचा मुलूख. पाठीवर संसार, त्यावर कोंबड्या आणि कधी लहान पोर घेऊन दिवसभर चालणारे हे तट्टू गर्दीला, कुत्र्यांना, मोटारींना बुजत नाही. फडफडणाऱ्या झेंड्याला ते किती बुजेल? शाळकरी मुलाला त्याच्या पाठीवर एकट्याने चढता येते. चाऱ्यालाही ते थरोब्रेडपेक्षा स्वस्त पडते आणि माळाच्या कठीण जमिनीवर पाय टिकवते.

नोंद झाली, सत्कार झाले, फोटो छापून आले. पण जात जगते ती तिला काम मिळाले तर. धनगरांच्या मुलांनी टेम्पो घेतला की तट्टू कमी होणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. शाळांतल्या मुलांचा खेळ हे भीमथडीला नवे काम होऊ शकते आणि पशुसंवर्धन खात्याने याकडे त्याच नजरेने पाहिले पाहिजे. आपणही एक पथ्य पाळावे. चांगल्या माद्या शाळांनी उचलून नेऊन पैदास मोडू नये. पैदाशीला न ठेवायचे नर वेळेवर अख्ते करून घ्यावेत आणि ते मुलांना द्यावेत. लग्नाच्या वरातीचा धंदा करणारे आपल्यातले बरेच जण अख्ता घोडा विकला जात नाही म्हणून पूर्ण नर ठेवतात आणि तोच शाळेला भाड्याने देतात. दहा मुलांच्या रिंगणात एक माजावरचा नर म्हणजे अपघाताला बोलावणे आहे. हे थांबवा. खरेदी येवल्याच्या बाजारात करा किंवा दत्तजयंतीला सारंगखेड्यात, पण शेंबा रोगाची तपासणी केल्याशिवाय कोणतेही जनावर मुलांच्या तबेल्यात घेऊ नका.

आणखी एका मुलाकडे आपले लक्ष नाही. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या घाटांत बैलगाड्याच्या पुढे घोडी धरणारी पोरे आपल्या जिल्ह्यातही आहेत. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केल्यापासून त्यांना कामही मिळते. उघड्या पाठीवर, सुटलेल्या बैलांच्या पुढे, दोन्ही बाजूंना गर्दी असताना घोडी सरळ ठेवणारा पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या निवासी शाळांतल्या निम्म्या स्वारांपेक्षा पक्का बसतो. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नसते आणि हात कडक असतो, एवढेच. त्याला शुल्क न घेता आपल्या सरावाला बोलवा. इंग्रजी शाळेची मुले आणि ही मुले एकाच बॅटनच्या रिलेत उतरली, तर राहात्यातून तयार झालेला संघ परक्या तट्टावर कुठेही उभा राहील असा आमचा विश्वास आहे.

म्हणून या अंकातून थेट आवाहन. स्नेहसंमेलनातील आगीच्या रिंगला नकार द्या. नोकरी जाईल अशी भीती वाटणाऱ्या शिक्षकांनी आम्हाला कळवावे. नियमांची प्रत आणि आमच्या सहीचे पत्र तुमच्या संस्थेला आम्ही पाठवू, तुमचे नाव त्यात येणार नाही. त्या दिवशी मैदानावर पाच खांब आणि दहा झेंडे रोवा आणि पालकांना मुलांची शर्यत पाहू द्या.

आणि वार्षिक परीक्षेच्या आधी एका रविवारी राहात्यात आंतरशालेय माउंटेड गेम्स घ्यायचे आम्ही ठरवले आहे. कागदपत्रांचा पाठपुरावा या मासिकाकडे. ज्यांना यायचे आहे त्यांनी महिनाअखेरपर्यंत चार गोष्टी लिहून पाठवाव्यात: मुलांची नावे व वय, तट्टांची संख्या व उंची, त्यांतले अख्ते किती, आणि हेल्मेट किती. चार वर्षांखालचे तट्टू घेतले जाणार नाही. ज्या मुलाला हेल्मेट नाही त्याला रिंगणात प्रवेश नाही, मग तो कोणाचाही मुलगा असो.